पाच शब्दांची उजळणी

आमच्या लेकीला उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हातारपण शिकायचं होतं. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षातली बाकीची पोरं सुट्टीत झोपा काढतात. तिने हॉस्टेलवरून घरी येताच इथल्या हॉस्पिटलच्या वृद्धांच्या विभागात संशोधनाच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवलं. घरात दोन नमुने आयते असताना बाहेर कशाला जातेस, असं मी म्हणालो. तेव्हा तिघेही हसलो.

तिथल्या मॅडमचा नियम असा, की स्मरणशक्तीची चाचणी पेशंटवर करण्याआधी घरातल्या धडधाकट माणसावर हात बसवायचा. पाच शब्द सांगायचे, मध्ये घड्याळाचं चित्र काढायला लावायचं, मग तेच शब्द विचारायचे. लेकीने आईला समोर बसवलं. गाजर, खिडकी, बहीण, पूल, निळा. हिला एकही आठवला नाही. मी लगेच मध्ये तोंड घातलं, टीव्हीचा आवाज होता, उद्या घे म्हणालो.

मला माहीत होतं. दीड वर्ष मी हिच्या मागे फिरून गॅस बंद करत होतो, दोनदा घातलेलं मीठ मुकाट्याने गिळत होतो, लेकीचा फोन आला की हिच्या कानात भाचरांची नावं पुरवत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं शिक्षण होईपर्यंत ती मला उघडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मटार सोलता सोलता मी हिच्याकडून शब्द घोकून घेतले. ती वैतागली, पण घोकले. संध्याकाळी पाचही बरोबर. लेक खूश, मी तिच्याहून खूश, आणि ही तर वर्गात पहिली आल्यासारखी बसली होती.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मात्र लेकीला झापलं. एकाच माणसाला तेच शब्द पुन्हा विचारायचे नसतात, आणि चाचणीच्या वेळी खोलीत नातेवाईक नको. मला याचा पत्ता नव्हता. मी आपली त्या दुपारीही उजळणी घेतली. संध्याकाळी लेकीने मला बाहेर घालवून दार लोटलं. आतून नवेच शब्द ऐकू आले आणि मी दाराला कान लावला. घड्याळ काढून झालं. आता ते शब्द सांग, लेक म्हणाली.

ही ठणठणीत आवाजात म्हणाली, "गाजर, खिडकी, बहीण." मग थांबली, आणि तिने मला हाक मारली.

"अहो, दुपारी घोकून घेतलंत त्यातलं पुढचं काय हो?"

लेकीने दार उघडलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, कधीपासून?"

मी सांगितलं.

"आज दिवसभर मॅडम एकेका नातेवाइकाला विचारत होत्या, इतका उशीर का केलात म्हणून. मलाही त्या नातेवाइकांचा राग येत होता."

पोरीला जपायच्या नादात मी बायकोचं दीड वर्ष घालवलं होतं.

आतून ही विचारत होती, पास झाले का. सवयीने मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"तुम्ही नका सांगू," लेक म्हणाली. "मी सांगते."

ती आईसमोर खुर्ची ओढून बसली, तिचा हात हातात घेतला, "आई" म्हणाली आणि तिथेच अडली. असं सांगायचं कसं, ते तिला अजून कोणी शिकवलेलं नव्हतं.