पंपाजवळची गप्प डबी

आमच्या घरची वायरिंग भागोजीकाकांनी केली त्याला पस्तीस वर्षं झाली. चिऱ्याच्या भिंतींवर लाकडी पट्ट्या, त्यांवर वायरी आणि दर चार बोटांवर क्लिप. इतकी सरळ, की सासूबाई तसबीर टांगताना तिच्याकडे बघून खिळा मारायच्या.

गेल्या महिन्यात ती वायरिंग उपटून टाकायची वेळ आली होती.

झालं काय, विहिरीचा पंप, गिझर आणि आंब्याच्या रसाचा मोठा फ्रीजर एकदम चालू झाले की मेन स्विच पडायचा. मुंबईहून आमच्या ह्यांनी, म्हणजे गुरुप्रसादनी, राजापूरच्या हर्षद इलेक्ट्रिशियनला पाठवलं. त्याने प्रत्येक यंत्राजवळ एकेक डबी लावली. ह्या डब्या आपसांत बोलून कोणी आधी चालायचं, कोणी थांबायचं ते ठरवतात. वायफाय आमच्या भिंतींपुढे हात टेकतो, म्हणून त्यांचे निरोप विजेच्याच वायरींतून जातात. मला हे फार आवडलं. ह्या घरात इतक्या समजुतीने थांबणारं आजवर कोणी नव्हतं.

फक्त मागल्या पडवीतली पंपाची डबी गप्प. दिवा लालच. हर्षदने सकाळभर खटपट केली आणि वायर जुनी, सांधे गेले असणार, सगळं नवीन करा म्हणून सांगून टाकलं. ह्यांनी फोनवर होकारही दिला. दुपारनंतर माणसं यायची होती.

मला राहवेना. ज्या भागोजीकाकांनी अख्ख्या वाडीत दिवे आणले, त्यांच्या वायरी आमच्या अंगणात ढिगाने पडलेल्या लोकांनी बघितल्या असत्या, तर त्यांच्या हाताची काय किंमत राहिली असती? मी वरच्या वाडीत जाऊन काकांना सगळं सांगितलं. काका ऐंशीचे, तरी लगेच उठले. शर्ट चढवला, खिशात ट्रान्झिस्टर टाकला नि निघाले. मला वाटलं, बातम्या ऐकायच्या असतील.

पडवीत आल्यावर त्यांनी हर्षदला स्टुलावर चढवून सांध्यांची पेटी उघडायला लावली. आत प्रत्येक सांधा घट्ट पिळलेला, कथिलाचा डाग दिलेला, वर नीट पट्टी गुंडाळलेली. हर्षदने एकेक सांधा बोटाने चाचपला.

"सांधे बरे आहेत, काका."

"ते मला ठाव हाय. आता गप ऱ्हा नि ऐक."

काकांनी स्टेशन नसलेल्या जागी काटा लावला आणि ट्रान्झिस्टर वायरींच्या लाकडी पट्टीच्या कडेकडेने नेऊ लागले. नुसती बारीक खरखर. खिडकीजवळच्या प्लगपाशी मात्र गांधीलमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा तो घोंगावला. प्लगला मोबाईलचा चार्जर होता.

"ह्यो बोंबलतोय. तुझ्या डबीला ऐकू येणार कसं?"

मी चार्जर काढला. डबीचा दिवा हिरवा झाला. चार्जर माझाच, एसटी स्टँडवर घासाघीस करून घेतलेला. ते मी तेव्हा बोलले नाही.

हर्षदने तिथूनच फोन करून माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. मग ही युक्ती कुठे शिकलात, असं त्याने विचारलं. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना, काका म्हणाले. शेजारच्या घरात काय बिघडलंय ते खरखरीवरून कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी काका न बोलावता जाऊन ते दुरुस्त करून यायचे.

हर्षद खाली उतरायला लागला तसं काकांनी त्याला थांबवलं.

"आधी पेटीचं झाकण लाव. पाली शिरतात."

चौथा स्क्रू बसेपर्यंत काका स्टूल धरून उभे होते.