हवेत सोडायचा नाही

हिरवी गोटी बाटलीच्या गळ्यात घट्ट बसली होती. अब्दुल गनीने तिच्यावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. दाबला की फस्स होणार, आणि ते फस्स म्हणजे... गेलाच की थोडा गॅस हवेत!

खामगावात इतकी वर्षं सोडा विकताना हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. पण आता गॅस इथेनॉलच्या कारखान्यातून येतो — मका आंबताना निघतो, तो उडून जायच्या आत पकडतात — आणि कालच कारखान्याच्या सुचिता मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, ‘नवा नियम आहे, चाचा. पकडलेला गॅस परत हवेत सोडायचा नाही. उद्या दुकान बघायला येते. सुटताना दिसला तर टाकी बंद.’ मॅडमच्या मनात गळकी तोटी असणार, हे कोणीही सांगितलं असतं. गनीने कोणाला विचारलंच नाही. तो आपला सकाळपासून गॅसच्या मागे मागे फिरत होता : टाकीतून बाटलीत, बाटलीतून पोटात, आणि पोटातून... या अल्ला!

जेवण आटोपून शेषराव नेहमीसारखे सोडा प्यायला आले.

‘भाऊ, आज ढेकर देऊ नोका.’

‘काऊन बे?’

‘कायद्यात बसत नाही.’

‘मंग सोडा कायले पिऊ? घरी पाणी नाही काय मले?’

तरी बिचाऱ्यांनी दोस्तीखातर ढेकर गिळला. लालबुंद होऊन बाकावर बसले, आणि गनीला फार वाईट वाटलं. अब्बा असते तर! गिऱ्हाईक ढेकर देत नाही तोवर अब्बा दुसऱ्या बाटलीला हात लावत नसत. ऐकायला मान तिरकी करून उभे राहत...

मॅडम आल्या. त्यांनी तोट्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. ‘कुठेच गळत नाही. सही करते. पण काय ऊन आहे हो चाचा! आधी एक सोडा द्या.’

नाही कसं म्हणणार? त्याने डोळे मिटून गोटी दाबली. मॅडमनी एका दमात बाटली संपवली आणि रुमाल तोंडाशी नेला. बाकावर शेषराव ताठ झाले. नको, नको, दुकान जाईल, गनी मनात म्हणत राहिला... आणि काहीच झालं नाही.

आता हायसं वाटायला हवं होतं. पण छातीत काहीतरी रुसून बसलं. काहीच नाही? माझ्या सोड्यात जोर उरला नाही की काय? जाईना का टाकी गेली तर... सही अजून व्हायची होती, रुमाल अजून तोंडाशीच होता, आणि गनीची मान त्याच्याही नकळत तिरकी झाली होती.