कॅसेटचा दुसरा भाग

सोफे दुरुस्तीच्या धंद्यात जुन्या सोफ्याच्या पोटातून काय काय निघतं म्हणून सांगू! कंगवे, चाव्या, एकदा तर कुणाची तरी कवळी. एका सोफ्यातून कॅसेट निघाली, 'स्पॅनिश बोला, भाग दुसरा'. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या तुम्हालाच." आमचे हात कामात, कान रिकामे. आम्ही नवरा-बायकोनं ती टेपवर लावली आणि कितीतरी वर्षं तीच ऐकली.

पहिला भाग काही मिळाला नाही. त्यामुळे नमस्कार-चमत्कार, नाव-गाव, सगळं राहूनच गेलं. दुसऱ्या भागातली बाई एकदम मुद्द्यावर यायची. आता लगेच काय करणार, ते सांगा! आधी 'बोय आ' म्हणायचं, म्हणजे 'जातो', आणि पुढे काम जोडायचं. बोय आ कोसेर, शिवणार आहे. बोय आ कोमेर, जेवणार आहे. आमची स्पॅनिश एवढीच.

यांचा स्वभाव असा की नाही म्हणणं जिवावर यायचं. "उद्या नक्की देतो," असं दहा जणांना सांगून मोकळे. शिव्या खायला मी. एक दिवस तोंडात खिळे धरून हे कॅसेटमागोमाग म्हणाले, "बोय आ कोसेर," आणि खरंच संध्याकाळच्या आत अख्खा सोफा शिवून काढला. मी तिथेच त्यांना धरलं.

"अहो, आजपासून ऐका. मराठीत काय वाट्टेल ते बोला. पण स्पॅनिशमध्ये बोललात, तर शटर पाडायच्या आत झालं पाहिजे."

"मंजूर," हे म्हणाले. मान्य करून बसले आणि मग त्या भाषेत असे कंजूष झाले की विचारू नका. गिऱ्हाइकांना मराठीत थापा चालूच. मी म्हणायचे, "माझ्या खुर्चीची स्प्रिंग टोचते हो, कधी बसवणार?" "करतो की गं!" मराठीत. मी "स्पॅनिशमध्ये सांगा" म्हटलं की लगेच यांना खोकला यायचा. आणि मी हसत सुटायचे. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

मग छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी हे दुकानात आले, माझी खुर्ची उलटी केली आणि म्हणाले, "बोय आ कोसेर." दम लागत होता, तरी नवी स्प्रिंग घातली, काथ्या भरला, वरून निळं कापड ताणून बसवलं. मी वेडी, खूश झाले. संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून चहा प्यायले.

ऑपरेशनच्या सकाळी यांना न्यायला माणसं आली. मी स्ट्रेचरच्या दांड्याला धरून चालत होते. परत येणार, हे त्या भाषेत कसं म्हणायचं ते मला येत होतं. कॅसेटवरची बाई शेवटी तेच म्हणायची, बोय आ बोल्वेर.

"परत येणार ना?" मी विचारलं.

"येतो की गं. जातोय कुठे?"

"तसं नाही. स्पॅनिशमध्ये सांगा."

या वेळी यांना खोकला नाही आला. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "तू चहा टाकून ठेव. आलोच."

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मला सगळं कळलं. डॉक्टर बाहेर येऊन सांगायच्या कितीतरी आधी कळलं.

मराठीत जन्मभर साऱ्या जगाला थापा मारणारा हा माणूस त्या भाषेत माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. त्याचा मला अभिमान वाटतो, लोकांना सांगतेही. पण संध्याकाळी शटर पाडताना, निळ्या खुर्चीकडे लक्ष गेलं की राग येतो. एकदा, त्या दारात, माझ्याशी खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?