पेटी, पिशवी आणि मागची सीट

चंद्रिकाचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि सात आठवडे त्याला उत्तर दिलं नाही.

चंद्रिका ही माझ्या धाकट्या बहिणीची, सावित्रम्माची, मुलगी. माढ्याला बँकेत आहे. मायलेकी तिथंच राहतात. मला फोनवर बोलणं सुचत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणाला मला काही विचारायचं असलं की पत्रानं विचारतात. तिनं लिहिलं होतं:

'मामा, मोटारसायकलवरून आपल्या वीरशैवांची पाचही पीठं करायची ठरवलीत, बाळेहोन्नूरपासून थेट केदारपर्यंत. सामान न्यायला दोन प्रकार मिळतात. दोन्ही अंगांना अॅल्युमिनियमच्या कडक पेट्या, नाहीतर ताडपत्रीच्या मऊ पिशव्या. तुम्ही वाचून सांगा. पण एकच सांगा. तुमच्याकडं एक पुस्तक मागितलं की तुम्ही चार देता.'

यात खोटं काही नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, पण 'हेच वाचा' असं मी कुणालाही म्हटलेलं मला आठवत नाही. उद्या ते पुस्तक वाईट निघालं तर? मला मोटारसायकल चालवताही येत नाही. तरी वाचत बसलो. वहीची चौतीस पानं भरली. पेटीला कुलूप लागतं, पाऊस आत शिरत नाही. पिशवी हलकी, पण कुणीही ब्लेड मारून फाडू शकतं. शेवटी पेटीचं पारडं जड झालं. मंगळवारी सकाळी कार्ड लिहिलं: 'पेटी घ्यावी, असं वाटतं.' ते खिशात घातलं आणि टाकायच्या आधी एकदा पेटी डोळ्यांनी पाहावी म्हणून भवानी पेठेत शिवयोगीच्या दुकानी गेलो. तो गाड्यांच्या सीटा शिवतो. पिशव्या आणि पेट्याही बसवून देतो, असं ऐकलं होतं.

दारातच एक मोठी मोटारसायकल उभी होती. डाव्या अंगाला पेटी, उजव्या अंगाला पिशवी.

"ही अशी का?" मी विचारलं.

"पंधरा दिस झालं काका, अशीच हाय." शिवयोगीनं दाभणावरनं मान वर केली नाही. "माढ्याच्या पोरीची गाडी. तिचा कोन तर मामा हाय म्हनं, जगातली सगळी पुस्तकं वाचलेला. पेटी का पिशवी, ते त्यो ठरवनार. त्याचं पत्रच येईना. मी म्हटलं, मामा हाय का गेला, ते तरी बघून या की!"

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्यासारखं झालं. मीच तो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं. "मागच्या सीटला हे टेकण कशाला?"

"म्हातारीला. तिची आई बसनार की मागं."

"कोण?"

"आई वो तिची. सावित्रम्मा. सासष्ट वय, गुडघ्याला पट्टा, पन लई खमकी बाई. केदारला जाईन तर ह्याच गाडीवर, म्हनती."

मी जवळच्या स्टुलावर बसलो. पत्रात हे नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. चौतीस पानांत कुलूप होतं, पाऊस होता, चोर होते. मागच्या सीटवर माणूस नव्हता.

"म्हातारीचं मत पेटीलाच," शिवयोगी सांगत होता. "दोन्हीत पंचवीस-पंचवीस कडक भाकऱ्या भरून दिल्या आन् म्हनली, अक्कलकोटपतुर फिरवून आन. पिशवीतल्यांचा भुगा झाला. पेटीतली एक न्हाय मोडली. आता शनिवारपतुर मामाचं पत्र आलं तर आलं, न्हायतर पेट्या पक्क्या करायच्या."

"मला जरा मागं बसून बघता येईल?"

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "बसा की. पन दमानं."

तो पुढं बसला, गाडी सरळ धरली. मी डावा पाय पायटेकीवर ठेवून उजवा पलीकडं टाकू लागलो. तो टेकणाला अडकला. माझा सगळा भार डावीकडं आला. "काका, काका, ओ काका!" एवढं ऐकू आलं. मी डावा पाय जमिनीवर टेकला आणि गाडी पेटीसकट त्याच्यावर आली.

कुणीतरी ओरडलं. तो मीच होतो, हे मला जरा वेळानं कळलं.

शेजारच्या दुकानातली दोन माणसं धावली. गाडी उचलेपर्यंत पाय जागचा हलवता येईना. पेटीची खालची कड घोट्यावर बसली होती. पेटीला साधा पोचाही आला नव्हता.

शिवयोगी घाबरला होता. त्यानं मला पाणी दिलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्या दोघांना गाडी धरायला लावून ती हळूच उजवीकडं कलती केली आणि आपला पाय पिशवीखाली घातला. पिशवी दबली. त्यानं पाय ओढून घेतला.

"असं हाय बघा," तो म्हणाला. "इतकी वर्सं बसवतोय, पन मागच्या मानसाचा पाय कवा मनात आला न्हाय."

मी खिशात हात घातला. सकाळचं कार्ड तिथंच होतं. घरापासून इथवर दोन टपालपेट्या लागल्या होत्या. दुसरीशी मी थांबलोही होतो.

"तो मामा मीच," मी म्हणालो.

शिवयोगी म्हणाला, "म्हंजी, हायसा!" मग एकदम म्हणाला, "लावू का फोन तिला?"

"नको. लिहितो."

"आता तरी लिवा वो!"

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं. घोटा मात्र नारळाएवढा झाला. घरी येऊन पाय उशीवर ठेवला आणि नवं कार्ड घेतलं.

'चि. चंद्रिका, पिशव्या घे. पेटी नको. तुझी आई बसणार त्या जागी मी आज बसायला गेलो. गाडी कलंडली आणि माझा पाय पेटीखाली सापडला. पिशवीखालून तो निघाला असता. आईला सांग, भाकऱ्या मोडतील, त्या मोडू देत. तिनं गाडीवर जाऊच नये असं लिहायला हात शिवशिवतोय, पण ते तू विचारलेलं नाहीस. सात आठवडे उशीर केला, त्याची क्षमा कर. तुझा मामा, गुरुलिंग.'

'असं वाटतं' कुठं बसवावं म्हणून कार्ड पुन्हा वाचलं. जागा सापडली नाही.

काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागली. कार्ड टपालपेटीत टाकलं. टपाल चारला काढतात आणि अजून सव्वातीनच झाले होते. घरी गेलो असतो तर लगेच दुसरं कार्ड लिहायला घेतलं असतं, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून तिथंच भिंतीला टेकून उभा राहिलो. चारला पोस्टमन आला, कुलूप उघडलं, सगळी पत्रं थैलीत ओतली आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.