यल्लूची जागा

धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर सरस्वतीबाईंची नेमणूक अळणावरजवळच्या एका खेड्यात झाली. नागोजी पाटलांच्या रिकाम्या गोठ्यात बोर्डाची शाळा भरायची आणि शिकवायला त्या एकट्याच. सगळ्या जातींची मुलं आत एकत्र बसवायची, असा सरकारी हुकूम होता. म्हणून बाईंनी दाराबाहेर बसणाऱ्या अस्पृश्य वस्तीतल्या यल्लूला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात यल्लू एकटीच. विहिरीवर गेल्या, तर बायकांनी बाईंना घागर बुडवू दिली नाही.

ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन बाईंनी काही दिवस काढले. मग धारवाड गाठलं.

"हुकूम तुमचा आहे साहेब, पण तहान मला लागते," त्या शाळाखात्याच्या साहेबांना म्हणाल्या.

"हुबळीला जागा आहे. लगेच बदली देतो."

"आणि तिथली शाळा?"

"दुसरं कुणी मिळेपर्यंत बंद राहील."

विचार करून सांगते म्हणून बाई बाहेर पडल्या. धारवाडातच सप्तापुरात त्यांच्या कॉलेजातल्या शिक्षिका अंबूताई राहत. नुकत्याच निवृत्त झालेल्या. बाई त्यांच्याकडे गेल्या, पण पाटावर बसवेना. दारापासून चुलीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

"राहू की जाऊ? तुम्हीच सांगा."

"ते मी कशी सांगू? पण राहणार असशील तर मी सोबत येते."

दोघी परतल्या. अंबूताई थेट पाटलांच्या अंगणात गेल्या. "नागोजीअण्णा, तुमच्या नातीला शाळेत पाठवा."

"त्या पोरीला बाहेर बसवा, राधा उद्या येईल."

"ती आतच बसणार," सरस्वतीबाई म्हणाल्या. आपला आवाज एवढा चढेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग गोठा मोकळा करा."

शाळा फणसाखाली आली. अंबूताई ओढ्यावरून पाणी आणत, गाळून उकळत. यल्लू पाटीवर अक्षरं गिरवी, बाई मात्र सारख्या गावाच्या वाटेकडे बघत. एका सकाळी त्या वाटेने पाटलांची सून कौसल्या आली. कडेवर भरलेली घागर, बोटाला राधा.

"मामंजींना विचारून आलीस?" अंबूताईंनी विचारलं.

"विचारलं असतं तर येता आलं नसतं, अक्का." तिने घागर बाईंसमोर ठेवली आणि राधाला यल्लूशेजारी बसवलं.

त्या दिवशी पाटलांच्या घरात मोठं भांडण झालं. तरी राधा येत राहिली. मागोमाग आणखी काही मुलं आली. काही कधीच आली नाहीत. अंबूताई धारवाडला परतल्या. हुबळीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. रस्त्यावर गाडी वाजली की शाळा उठवायला कुणी आलं की काय म्हणून सरस्वतीबाई अजून दचकत, मान वर करून बघत आणि मग पुढचं अक्षर सांगत.