तळघर विरुद्ध काउंटर

माणसं मला आवडतात, पण पाकिटावर छापलेली. नाव, जन्मतारीख, खाटेचा नंबर, औषध आणि वेळ, बस्स. हॉस्पिटलच्या तळघरातल्या औषध विभागात मी काम करते. एकेका रुग्णाची एकेका वेळची गोळी वेगळ्या पाकिटात भरायची, दुसऱ्या कुणीतरी ती तपासायची, की ट्रॉली वर वॉर्डात रवाना. कधीमधी फोन वाजतो, एरवी शांतता. माझ्यासारख्या तापट बाईला याहून चांगली नोकरी शोधूनही सापडणार नाही.

माझी नणंदही हेच शिकली, पण ती गल्लीच्या टोकाला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दुकानातून सुटली की सासरी जाण्याआधी आमच्याकडे डोकावते आणि मला डिवचते.

"वहिनी, पाकिटं काय कुणीही भरेल. आमच्याकडे ये, मग कळेल. लोक म्हणतात, 'ती पांढरी गोळी द्या, गोल असते ती.' आता ओळख कुठली ते!"

"तुझं चुकलं तर गिऱ्हाईक भांडायला तरी परत येतं," मी म्हणायची. "आमच्याकडे चुकायची सोयच नाही."

सासूबाईंचा कल अर्थातच लेकीकडे. तिच्या दुकानात माणूस हवा होता, दुकान घराजवळ होतं, आणि सून दुपारी जेवायला घरी आली तर त्यांना हवंच होतं. एकदा आमचं फारच पेटलं, तेव्हा त्यांनी सरळ निकालच लावला. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, रक्तदाबाची गोळी आहे, आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी ते गोळीला सुट्टी देतात. "जी यांना गोळी नीट घ्यायला लावेल तिचं काम खरं," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई हरली तर तिने दुकानात जायचं."

रागाच्या भरात मी हो म्हणून बसले आणि मग भानावर आले. दिवसभर माणसांशी बोलायचं, तेही हसून!

पहिली पाळी माझी. मी पाकीट तयार केलं, त्यावर सगळं नीट लिहिलं आणि तपासायला नवऱ्याला बसवलं. त्याने न बघताच सही ठोकली म्हणून त्याला परत बसवलं. मग ट्रे घेऊन बाबांसमोर उभी राहिले. रुग्णाची ओळख पटवून औषध देणं हे वॉर्डातल्या सिस्टरचं काम. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते करायला मिळत होतं. अगदी रुबाबात विचारलं, "नाव सांगा."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "सूनबाई, बरी आहेस ना?"

"नियम आहे, बाबा."

त्यांनी नाव सांगितलं.

"जन्मतारीख?"

तीही सांगितली. पाकिटावर मी त्यांच्या कागदपत्रांवरची लिहिली होती. दोन्हींत चक्क तीन वर्षांचा फरक! मी ट्रे मागे घेतला. "जुळत नाही. गोळी देता येणार नाही."

"अगं, शाळेत घालताना वय वाढवून लावलं होतं. खरी तारीख हीच."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा लहान?"

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि जन्मभर 'मी मोठा आहे, माझं ऐक' म्हणून मला गप्प बसवलंत?"

पुढचं काही सांगत नाही. नवरा अंघोळीला गेला, खरं तर सकाळी त्याची अंघोळ झाली होती. बाबांचा रक्तदाब मोजायची गरजच नव्हती, तो कानांपर्यंत चढलेला दिसत होता. ओळख न पटल्यामुळे गोळी मात्र माझ्या हातातच राहिली.

मग नणंदेची पाळी. ती ओट्यामागे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बोला!" बाबा खूश झाले. गुडघा, झोप, भूक, सगळं सांगायला लागले. तेवढ्यात शेजारीण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली, कारण ते अक्षर आमच्या नणंदेशिवाय कुणाला लागत नाही. शेजारणीमागून तिची जाऊ आली, जावेमागून वरच्या मजल्यावरचे काका. नणंद सगळ्यांना जेवणाआधी, जेवणानंतर समजावत होती, आणि बाबांना हाताने मागे सारत होती. "घरचेच आहेत, थांबतील!" दुकानातली सवय, दुसरं काय! स्वतःच्या स्वयंपाकघरात रांगेत उभं राहून बाबा कंटाळले आणि फिरायला निघून गेले. मला इतका आनंद झाला की मी काकांना चहा केला.

जेवायच्या वेळी सासूबाईंनी बाबांच्या ताटाशेजारी गोळी ठेवली. "लहान आहात ना? मग मोठ्यांचं ऐकायचं. घ्या."

बाबांनी निमूटपणे गिळली.

"तुम्ही दोघी एकाच माळेचे मणी," सासूबाई म्हणाल्या. "जिथे आहात तिथेच राहा."

मी वाचले! तळघर माझंच राहिलं! मी नणंदेकडे वळून काहीतरी लागट बोलणार होते, तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बदली माणूस दिल्याशिवाय मालक मला सोडत नाहीत गं," ती म्हणाली. दिवसभर बोलून तिचा आवाज पार बसला होता. "तू दुकानात आली असतीस, तर मी तुमच्या तळघरात अर्ज केला असता. दिवसभर कुणी बोलत नाही म्हणतेस ना? मला तेच हवंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला तिची दया आली, आणि लाजही वाटली. ही रोज माझा हेवा करत होती आणि मी भांडत बसले होते. "आमच्याकडे एक जागा निघतेय," मी म्हटलं. "साहेबांना विचारते. मालकांसाठी बदली माणूसही शोधू. पण तळघरात बोलायचं नाही हं."

"मुळीच नाही!" तिने मला मिठीच मारली. आणि आपण किती गप्प बसणार, कशा गप्प बसणार, लहानपणी एकदा कशा गप्प बसलो होतो, हे ती मला सांगायला लागली. ताटं उचलली, भांडी घासून झाली, तिचं संपेना. शेवटी हात पुसता पुसता मी विचारलं, "तुझ्या दुकानातली ती जागा अजून रिकामी आहे ना गं?"