कालव्याचा थांबा

मौनीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिला चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत मिळालं होतं. त्या खोलीत माणसं पंख्याच्या वेगावरूनसुद्धा तासभर भांडायची आणि ही बाई मात्र आठवडेच्या आठवडे 'हं' आणि 'बरं' यांच्यावर भागवायची. शहराच्या डोक्यावरून, पुलापुलांवरून धावणारी गाडी ती चालवायची. गाडी हातानं चालते, तोंडानं नाही, असं तिचं ठाम मत होतं. हे मत तिला चांगलंच भोवलं.

झालं असं, की कितीतरी वर्षं तिच्याकडे जलद गाडी होती. जलद गाडी कालव्याच्या स्टेशनात थांबत नाही. दवाखान्याचं स्टेशन सुटलं की तिचा हात आपोआप वेग वाढवायचा आणि कालव्याचा फलाट खिडकीतून भुर्रकन मागे जायचा. मग तिची बदली धिम्या गाडीवर झाली, जी जागोजाग थांबते. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. पण एका संध्याकाळी डोकं घरी आणि हात गाडीत, अशी तिची अवस्था असताना हात जुन्या सवयीवर गेला. कालव्याचा फलाट आला आणि गेला. पिशव्या उचलून पुढे सरसावलेली माणसं आ वासून बघत राहिली. तिला भान येऊन ब्रेक लागेपर्यंत शेवटचा डबाही फलाट सोडून पुढे गेला होता.

कुणाला साधं खरचटलंही नाही. पण थांबायच्या जागी गाडी थांबली नाही, याला त्या धंद्यात माफी नसते. तिला गाडीवरून उतरवलं आणि हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, जोडीदार गमावलेले हातमोजे होते, आणि एका खोक्यात चक्क कवळ्या होत्या. कवळी विसरून माणूस घरी जातो तरी कसा आणि घरी गेल्यावर जेवतो तरी कसा, याचा विचार करायला तिला भरपूर वेळ होता. खोलीला खिडकी नव्हती. वरून गाडी गेली की कपाटं थरथरायची आणि ती हातातलं काम टाकून वर बघत राहायची. गाडी चालवणं तिला मनापासून आवडत होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ती कुणाला काही सांगतच नसे.

शेवटी साहेबलोकांना दया आली. तिला पुन्हा शिकायची संधी मिळाली, पण एका अटीवर. तिनं बोलत गाडी चालवायची. म्हणजे दिसेल त्या सिग्नलकडे बोट करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'हिरवा.' स्टेशन जवळ आलं की म्हणायचं, 'पुढे अमुक स्टेशन, थांबायचं.' हात सवयीनं भलतीकडे निघाला तर तोंड त्याला आवरतं, असा यामागचा हिशोब. शिकणं पुरं होईपर्यंत एक शिकवणारा पाठीमागच्या घडीच्या खुर्चीवर बसणार होता. त्याच्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही.

"यात काय अवघड आहे?" घरी सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाला पाणी पितानाच काय ती विश्रांती मिळायची. "मी नाही का दिवसभर बोलत?"

"तुम्ही माणसांशी बोलता, आई. मला एकटीनंच बडबडायचंय. वेड्यासारखं वाटतं."

"माणसं कुठं ऐकतात माझं? तुझा नवरा ऐकतो? मीसुद्धा एकटीच बोलते गं, फक्त समोर कुणीतरी असतं एवढंच. चल, घे ती भांडी."

तेव्हापासून स्वयंपाकघरात रोज तालीम सुरू झाली. सासूबाई स्टूल घेऊन मागे बसायच्या, साहेबासारखी मान ताठ करून. सून एकेका वस्तूकडे बोट करून पुटपुटायची, "गॅस बंद. दूध झाकलेलं. पुढे पातेलं, थांबायचं." सासूबाई ओरडायच्या, "ऐकू नाही आलं! पातेल्यालासुद्धा नाही आलं!" मग दोघी हसून लोटपोट व्हायच्या. हळूहळू आवाज घशातून बाहेर यायला लागला, पण घरातला आवाज तो, परक्यासमोर पुन्हा बारीक व्हायचा.

अखेर परीक्षेची फेरी आली. आज पास झाली तर गाडी तिची, नाहीतर निवृत्त होईपर्यंत छत्र्या आणि कवळ्या. परीक्षा घ्यायला आले बर्फसाहेब. चेहऱ्यावरून एक अक्षर कळू द्यायचं नाही, असा या गृहस्थांचा लौकिक होता. आले, घडीची खुर्ची उघडली, बसले. "करा सुरू," एवढंच म्हणाले. दोन अबोल माणसं एका चिंचोळ्या केबिनमध्ये, वर त्यातल्या एकाला बोलायची सक्ती. मौनीबाईनं पहिल्या सिग्नलकडे बोट केलं.

"हिरवा," ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

सकाळचं कोवळं ऊन होतं. गाडी गच्च्यांच्या आणि मागच्या बाल्कन्यांच्या मधून चालली होती. कुणी झाडांना पाणी घालत होतं, कुणी दाढीचा फेस तोंडाला लावून खिडकीतून बघत होतं. कितीतरी दिवसांनी ती हे मनापासून बघत होती, आणि तिला इतका आनंद झाला की एक क्षण सिग्नल म्हणायचा राहतो की काय असं वाटलं. पण म्हटला. बाजाराच्या स्टेशनात मात्र गडबड झाली. चाकाच्या खुर्चीसाठी टाकलेली फळी दारात अडकून बसली, ती काढेपर्यंत गाडीला चांगलाच उशीर झाला. बर्फसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

दवाखान्याच्या स्टेशनात बरीच माणसं चढली. दारं लागली, गाडी निघाली, आणि फलाट मागे पडतो न पडतो तोच नियंत्रण कक्षातून आवाज आला.

"धिमी गाडी, उशीर भरून काढा. कालवा सोडा. थांबू नका, सरळ पुढे जा."

जगातल्या सगळ्या स्टेशनांमधून कालवाच! स्टेशन गाळायला सांगणं हे काही नवीन नव्हतं, उशीर झाला की तसे हुकूम यायचे. पण हुकूम आधीच्या स्टेशनात, दारं उघडी असताना यायला हवा, म्हणजे गाडीतल्या लोकांना सांगता येतं आणि ज्यांना तिथे जायचंय ते उतरतात. हा नियम होता आणि तो तिला पाठ होता. आता दारं लागून गेली होती. कालव्याला उतरणारी माणसं आत बसली होती, आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

तिनं मागे पाहिलं. बर्फसाहेब रुमालानं चष्मा पुसत होते, जणू घरच्या बैठकीतच बसले आहेत. अहो, निदान मान तरी हलवा, असं तिच्या मनात आलं. न थांबावं, तर पुन्हा तेच स्टेशन, पुन्हा तीच तोंडं. थांबावं, तर परीक्षेच्या दिवशी वरिष्ठांचा हुकूम मोडला म्हणून कायमची छत्र्यांच्या खोलीत. गप्प राहून हुकूम पाळणं सर्वांत सोपं होतं. गप्प राहणं तर तिला जन्मभर जमत आलं होतं.

तिनं रेडिओचं बटण दाबलं. "दारं लागली आहेत. लोकांना सांगितलेलं नाही."

"काय? ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!"

"लोकांना सांगितलेलं नाही!" तिचा आवाज केबिनभर घुमला. "हुकूम उशिरा आला. मी कालव्याला थांबतेय."

"अहो, मागे गाड्या तुंबल्यात! पुढे उतरतील लोक आणि येतील परतीच्या गाडीनं!"

"उतरायचंय त्यांना कालव्याला. मी थांबणार." आणि समोर बोट करून, त्याच पट्टीत, ती म्हणाली, "पुढे कालवा, थांबायचं!"

तिनं वेग कमी केला. फलाट आला, बाकं आली, बाकांवरून उठणारी माणसं आली. थांब्याच्या पाटीसमोर गाडी अलगद टेकली. रेडिओ चिडून काहीबाही बोलत होता, पण तिनं आधी दारं उघडली.

तिनं बाजूच्या आरशातून पाहिलं. एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर टाकून उतरली. रात्रपाळी करून आलेली परिचारिका उतरली, डोळे चोळत. सर्वांत शेवटी एक माणूस उतरला, पायाला नवंकोरं प्लॅस्टर, काखेत कुबड्या, अजून नीट न जमणाऱ्या. तो एकेक पाऊल जपून टाकत जिन्याकडे निघाला. गाडीत काय चाललं होतं याचा कुणालाच पत्ता नव्हता. आपल्या स्टेशनात गाडी थांबली आणि आपण उतरलो, त्यात विशेष ते काय?

तिचे डोळे भरून आले. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं तिनं ठरवलं.

मागे खुर्चीची घडी मिटल्याचा आवाज झाला. बर्फसाहेबांनी आपली पिशवी उचलली, केबिनचं दार उघडलं आणि ते फलाटावर उतरले. मौनीबाईचा चेहरा उतरला. आता हे इथूनच तक्रार करणार आणि गाडी न्यायला दुसरा चालक बोलावणार, एवढंच तिला सुचलं.

"साहेब, फेरी अजून संपलेली नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे." त्यांनी खिडकीतून हात आत घालून रेडिओचं बटण दाबलं. "नियंत्रण कक्ष, मी परीक्षक बोलतोय. हुकूम उशिरा दिलात, बाईंचं बरोबर आहे. बाकी आपण दुपारी समोरासमोर बोलू." मग ते तिच्याकडे वळले. "निघा. उशीर झालाय."

"पण साहेब, मागे कुणी बसल्याशिवाय मला गाडी हलवायची परवानगी नाही."

"आत्तापर्यंत नव्हती," बर्फसाहेब म्हणाले, आणि जिन्याकडे चालू लागले. कुबड्यावाला पहिल्याच पायरीशी अडखळत उभा होता. त्यांनी त्याला हात दिला.

तिनं दारं लावली आणि गाडी सोडली.